स्लो कुकरमधला पॉट रोस्ट वातड का होतो, आणि मऊ कसा करायचा

पॉट रोस्ट म्हणजे भाज्यांबरोबर थोड्या रसात मंद शिजवलेला मांसाचा मोठा, एकसंध तुकडा, आणि स्लो कुकर म्हणजे तो तासन् तास हळू शिजवणारं विजेचं भांडं. थंडी सुरू झाली की अमेरिकेतल्या ओळखीच्या मराठी घरांतून मला ठरलेला निरोप येतो: 'आठ तास ठेवला, तरी मांस वातडच.' त्यापुढे प्रश्न असतो, 'पुढच्या वेळी सहाच तास ठेवू का?' नको. सहा तासांनी ते आणखी वातड निघेल. पॉट रोस्ट चिवट लागला तर बहुतेक वेळा तो जास्त नाही, कमी शिजलेला असतो. एवढं एक मनात पक्कं झालं की निम्म्या चुका आपोआप टळतात.

उरलेल्या निम्म्या चुका आपल्या हाताच्या सवयीच्या आहेत. मटण प्रेशर कुकरला लावायचं, चार-पाच शिट्ट्या घ्यायच्या, रस्सा पातळ ठेवायचा आणि मधून मधून झाकण काढून ढवळायचं, ही आपली रीत. स्लो कुकरमध्ये यातलं काहीच चालत नाही.

हा लेख तिकडच्या स्वयंपाकघरासाठी, तिकडच्या दुकानात मिळणाऱ्या मांसासाठी आहे. महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदी आहे, त्यामुळे इथे हा तुकडा मिळायचा नाही. बीफ खात नसाल तर पोर्क शोल्डर किंवा लँब शोल्डर घ्या. टप्पे तेच राहतात, वेळ मात्र मांसात खायचा काटा खुपसून ठरवा, तो कसा ते टप्पा ७ मध्ये.

टप्पा १: तुकडा बरोबर निवडा

इथे चुकलात तर पुढे काही सावरता येत नाही. लेबलवर 'चक रोस्ट' लिहिलेला तुकडा घ्या. हा खांद्याकडचा भाग. जनावराने आयुष्यभर वापरलेला स्नायू, म्हणून आत चरबीच्या रेषा आणि पांढरट पडदे भरपूर असतात. ते पडदे म्हणजे कोलॅजन. ७० अंश सेल्सिअसच्या पुढे, आणि तेही तासन् तास, हे कोलॅजन विरघळत जातं आणि त्याचं जिलेटिन होतं. पायाचं सूप थंड झाल्यावर जसं थुलथुलीत गोठतं, तसंच. मांस ओलसर आणि मऊ लागतं ते या जिलेटिनमुळे.

आता आपण काय करतो? दुकानात गेल्यावर लालभडक, एकसारखा, चरबी नसलेला तुकडा उचलतो, कारण तो 'स्वच्छ' दिसतो. तो बहुधा बॉटम राउंड किंवा आय ऑफ राउंड, म्हणजे मागच्या मांडीचा भाग असतो. त्यात विरघळायला फारसं काही नसतंच. तो नऊ तासांनी लाकडाच्या भुशासारखा कोरडा होतो आणि दोष कुकरला लागतो. 'रम्प रोस्ट'ही त्यातलाच. ब्रिस्केट चालतं, पण ते लांबट असतं, भांड्यात नीट मावत नाही. 'कॉर्न्ड बीफ' चुकूनही घेऊ नका. ते आधीच खारवलेलं असतं.

सहा क्वार्टच्या, म्हणजे साधारण साडेपाच लिटरच्या कुकरसाठी साडेतीन पौंडांचा, म्हणजे सुमारे १.६ किलोचा एकसंध तुकडा पुरतो. सहा जणांचं पोटभर जेवण होतं. दुकानदाराला त्याचे बारीक तुकडे करायला सांगू नका. फारच जाड असेल तर मधून एकदाच कापून दोन भाग करा.

तपासा: तुकड्यात पांढऱ्या रेषांची जाळी दिसते का? दिसत नसेल तर दुसरा पुडा उचला.

टप्पा २: बाकीचं सामान

दोन मोठे कांदे, सहा लसूणपाकळ्या, चार-पाच जाड गाजरं, सेलरीच्या दोन काड्या, ७०० ग्रॅम बटाटे. दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट, एक मोठा चमचा वूस्टरशर सॉस, एक कप कमी मिठाचा बीफ ब्रॉथ (मांस-हाडं उकळून काढलेला पातळ रस), हवी तर अर्धा कप रेड वाइन. थाइमच्या तीन-चार काड्या, दोन बे लीफ. शेवटी ग्रेव्ही दाट करायला दोन मोठे चमचे कॉर्नस्टार्च.

यात तीन ठिकाणी आपली माणसं हमखास फसतात.

पहिलं, कॉर्नफ्लॉवर. भारतात ज्या पांढऱ्या पिठाला आपण कॉर्नफ्लॉवर म्हणतो त्याला अमेरिकेत कॉर्नस्टार्च म्हणतात. तिकडच्या पाकिटावर 'कॉर्न फ्लॉवर' लिहिलेलं असतं ते अख्ख्या मक्याचं दळलेलं पीठ. ते घातलंत तर ग्रेव्हीची पिठूळ लापशी होते.

दुसरं, बे लीफ. ते आपलं तमालपत्र नव्हे. आपल्या पानावर देठापासून टोकाकडे तीन शिरा जातात आणि वास दालचिनीकडे झुकतो. त्यांच्या पानाला मधोमध एकच शीर असते आणि वास वेगळाच. तमालपत्र घातलं म्हणून काही बिघडत नाही, पण चव पुलावाच्या वाटेने जाते.

तिसरं, बटाटे. युकॉन गोल्ड किंवा लाल सालीचे घ्या. रसेट नावाचा मोठा, खरखरीत सालीचा बटाटा नऊ तासांत विरघळून रश्शात जातो.

टप्पा ३: आदल्या रात्रीची तयारी

मांस गोठलेलं असेल तर दोन दिवस आधी फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. चार-पाच पौंडांच्या तुकड्याला पूर्ण सुटायला २४ तास लागतात.

सावधान: गोठलेलं मांस स्लो कुकरमध्ये कधीही टाकू नका. हे भांडं मुळातच हळू तापतं. ४ ते ६० अंश सेल्सिअस हा टापू जंतूंच्या वाढीचा. गोठलेला गोळा त्यात फार वेळ अडकून राहतो.

मांस नळाखाली धुवू नका. मला माहीत आहे, आपल्याकडे न धुतलेलं मांस शिजवणं म्हणजे पापच. पण धुतल्याने जंतू जात नाहीत. ते शिंतोड्यांबरोबर सिंकभर आणि शेजारच्या भाज्यांवर उडतात. शिवाय ओलं मांस तव्यावर भाजलं जात नाही. कागदी टॉवेलने सगळ्या बाजूंनी दाबून टिपा, एवढंच.

मग मीठ. मांसाच्या वजनाच्या एक टक्का धरा. १.६ किलोला १६ ग्रॅम, साध्या बारीक मिठाचे अंदाजे अडीच छोटे चमचे. कोशर मीठ वापरत असाल तर वजनच करा, कारण त्याचे दाणे मोठे आणि पोकळ असतात, आणि एकाच चमच्यात ब्रँडप्रमाणे कमी-जास्त मीठ मावतं. मीठ सगळीकडे चोळा, वर भरड मिरपूड घाला आणि ताटलीत न झाकता फ्रीजमध्ये ठेवा. शक्य तर रात्रभर. मीठ आत मुरतं आणि वरचा भाग सुकतो. दुसऱ्या दिवशी भाजताना या सुकेपणाचा फार उपयोग होतो.

दही लावू नका. भाजताना ते करपतं आणि मांसाला रंग चढू देत नाही. कच्च्या पपईची पेस्ट तर मुळीच नको. निखाऱ्यावरच्या कबाबाला ती ठीक, तिथे मांस झटपट तापतं. इथे मांस तास-दोन तास कोमटच असतं, त्या वेळात पपई आपलं काम करत राहते आणि बाहेरचा थर पिठाळ, गिळगिळीत होतो.

भाज्या रात्री चिरून वेगळ्या डब्यात ठेवल्या तर चालतील. पण सगळं कुकरच्या भांड्यात भरून भांडंच फ्रीजमध्ये ठेवायचं नाही. थंडगार जाड भांडं तापायला आणखी एक तास खातं. आणि मांस रात्री भाजून फ्रीजमध्ये ठेवून सकाळी शिजवायला लावणं हाही धोक्याचा शॉर्टकट आहे. अर्धवट तापलेलं मांस थांबवून ठेवायचं नसतं. भाजायचं ते सकाळीच.

टप्पा ४: भाजणं

हा टप्पा गाळून थेट भांड्यात टाकणारे पुष्कळ आहेत. मांस शिजतं, पण करडं आणि उकडल्यासारखं लागतं. स्लो कुकरमध्ये ओलावा इतका असतो की आत रंग चढतच नाही. चव जी काय यायची ती बाहेर, तव्यावरच मिळवावी लागते. 'भाजल्याने रस आत कोंडला जातो' हा समज मात्र खोटा. रस कोंडला जात नाही. भाजतो ते चवीसाठी.

बिडाचा जाड तवा किंवा जड बुडाचं पसरट भांडं मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं तापवा. नॉनस्टिक नको. एक-दोन मोठे चमचे तेल घाला, साधं कनोला किंवा सूर्यफूल. मांस पुन्हा एकदा टिपून त्यावर ठेवा आणि हात मागे घ्या. चार-पाच मिनिटं हलवू नका. खालची बाजू पुरेशी भाजली गेली की मांस आपणहून तवा सोडतं. ओढावं लागत असेल तर वेळ झालेली नाही. मोठ्या दोन बाजू झाल्या की चिमट्याने उभं धरून कडाही भाजा. एकूण १५ मिनिटं लागतात. एक्झॉस्ट पंखा आधीच लावा, नाहीतर धुराचा अलार्म सोसायटी जागी करील.

रंग खजुरासारखा हवा. फिकट बदामी रंगावर समाधान मानू नका.

मांस काढून घ्या. त्याच तव्यात, मध्यम आचेवर, जाड चिरलेला कांदा पाच-सहा मिनिटं परता, मग लसूण, मग टोमॅटो पेस्ट. पेस्टचा लाल रंग विटकरी होईपर्यंत दोन मिनिटं परतत राहा. कच्ची पेस्ट आंबट लागते. आता वाइन ओता, नसेल तर ब्रॉथ, आणि लाकडी उलथन्याने तळाची खरवड सोडवून घ्या. सगळी. या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर कदाचित ही ठेवा: पॉट रोस्टची निम्मी चव त्या खरवडीत असते, आणि बहुतेक लोक ती सिंकमध्ये घासून टाकतात. वाइन घातली असेल तर ती आटून निम्मी होऊ द्या. कुकरमध्ये गेल्यावर ती आटणार नाही आणि कच्चा दारूचा वास शेवटपर्यंत राहील.

तपासा: खरवड काळीठिक्कर पडली असेल तर चाखून बघा. कडू लागली तर तवा पुसून कांदा नव्या तेलात परता. तो कडवटपणा नऊ तासांनी जात नाही, वाढतो.

टप्पा ५: भांड्यात रचना

उलटं वाटेल, पण स्लो कुकरमध्ये गाजर-बटाटा मांसापेक्षा हट्टी असतो. ही कंदमुळं मऊ व्हायला चांगली उष्णता लागते आणि ती तळाशी आणि कडेला सगळ्यात आधी पोचते. म्हणून रचना अशी:

१. तळाशी बटाटे आणि गाजरं. तुकडे मोठे, दीड-दोन इंचांचे. लहान बटाटे असतील तर अख्खेच.
२. त्यावर सेलरी, बे लीफ, थाइम.
३. त्यावर मांस, चरबीची बाजू वर.
४. कांद्याचं मिश्रण मांसावर आणि भोवती.
५. ब्रॉथ आणि वूस्टरशर सॉस कडेने.

पाण्याचं माप हा आपला कच्चा दुवा. मांस बुडेपर्यंत पाणी घालायची सवय सोडा. द्रव मांसाच्या पाव-एक तृतीयांश उंचीपर्यंत आला की बस. झाकणाखालून वाफ बाहेर जात नाही, वर मांसाला आणि भाज्यांना अंगचं पाणी सुटतं. घातलेला दीड कप शेवटी तीन कप होऊन समोर येतो. बुडवून शिजवलंत तर मांस शिजेल, पण रस्सा अळणी आणि पाणचट निघेल.

टोमॅटोचा अख्खा डबाही नको. आंबट पाण्यात बटाटा आणि गाजर लवकर मऊ होत नाहीत. दोन चमचे पेस्टने काही फरक पडत नाही, डब्याने पडतो. कांद्याच्या सूपची तयार पुडी घालणार असाल तर मांसाचं मीठ निम्मं करा. ती पुडी म्हणजे मुख्यतः मीठच.

मसाला घालायची हुक्की येते, मलाही येते. आठ-दहा काळी मिरी, एखादी सुकी लाल मिरची अख्खी टाका, छान लागते. गरम मसाल्याची पूड मात्र सुरुवातीला नको. नऊ तासांत तिचा वास उडतो आणि तुरटपणा उरतो.

भांडं निम्म्याहून जास्त आणि तीन-चतुर्थांशाहून कमी भरलेलं असावं.

टप्पा ६: लावा आणि विसरा

झाकण लावा, 'लो'वर ठेवा. साडेतीन पौंडांना आठ ते दहा तास. 'हाय'वर पाच ते सहा. 'हाय' म्हणजे जास्त आच असा समज आहे, पण बहुतेक स्लो कुकर दोन्ही सेटिंगवर शेवटी साधारण त्याच तापमानाला, उकळीच्या जरा अलीकडे, पोचतात. 'हाय'वर तिथे लवकर पोचतात इतकंच. वेळ असेल तर 'लो'च. सकाळी पावणेनऊला लावलं की संध्याकाळी सहाला ताट वाढता येतं.

'वॉर्म' हे शिजवायचं सेटिंग नव्हे. ते शिजलेलं गरम ठेवण्यासाठी. स्लो कुकचं बटण असलेला इलेक्ट्रिक प्रेशर कुकर वापरत असाल तर तो फक्त तळातून तापतो, त्यामुळे त्याचं 'लो' कमी पडू शकतं. त्यात वरचं सेटिंग निवडा.

झाकण उघडू नका. एकदा उघडलं की साठलेली वाफ जाते आणि वेळ वीस मिनिटं ते अर्धा तास पुढे सरकते. दर तासाला 'बघूया तरी' करणाऱ्या घरात रोस्ट रात्री दहाला होतो. ढवळायचं काहीच नाही. झाकण काचेचंच असतं, बाहेरून बघा.

सावधान: घरी नसताना वीज गेली आणि किती वेळ गेली ते कळायला मार्ग नसेल तर आतलं सगळं टाकून द्या, शिजल्यासारखं दिसलं तरी. घरी असाल तर लगेच गॅसवर किंवा दुसऱ्या चुलीवर शिजवून संपवा. आणि हेच भांडं वापरताय म्हणून सांगतो, कच्चा राजमा यात कधी शिजवू नका. त्यातलं विष मरायला खळखळती उकळी लागते, ती इथे मिळत नाही.

टप्पा ७: झालं की नाही, हे घड्याळाला विचारू नका

साडेआठ तासांनी पहिल्यांदा झाकण काढा. मांसाच्या सर्वांत जाड भागात काटा खुपसा आणि मनगट फिरवा. धागे विनासायास सुटले तर झालं. काटा आत जातो पण फिरत नाही, मांस रबरासारखं मागे येतं? झाकण लावा, आणखी ४५ मिनिटं. पुन्हा तसंच, आणखी ४५. थर्मामीटर असेल तर ९३ ते ९६ अंश सेल्सिअस बघा, फॅरनहाइटमध्ये २०० ते २०५. बीफ ६३ अंशांना खायला सुरक्षित होतं हे खरं, पण सुरक्षित आणि मऊ यांत बरंच अंतर आहे. चक रोस्ट ७५ ते ८५ अंशांच्या पट्ट्यात सगळ्यात वातड लागतो. नेमक्या याच वेळी लोक घाबरून कुकर बंद करतात.

धागे सुटतात पण कोरडे लागतात, असं झालं तर तुकडा राउंडचा होता. आता तो उभा कापू नका. दोन काट्यांनी उसवून ग्रेव्हीत बुडवा आणि पावाबरोबर वाढा. पाहुण्यांना कळत नाही.

टप्पा ८: ग्रेव्ही आणि कापणं

मांस आणि भाज्या अलगद ताटात काढा, ॲल्युमिनियम फॉइलने सैल झाका, १५ मिनिटं राहू द्या. तेवढ्यात ग्रेव्ही होते.

रस गाळून उंच भांड्यात ओता. पाच मिनिटांत चरबी वर येते, ती पळीने काढा. दोन कप रस पातेल्यात उकळायला ठेवा. दोन मोठे चमचे कॉर्नस्टार्च तीन मोठे चमचे थंड पाण्यात कालवा. थंडच, गरम रसात कोरडं पीठ टाकलं की गुठळ्या ठरलेल्या. ढवळत ढवळत धार सोडा, एक-दोन मिनिटं उकळू द्या. पीठ सकाळीच कुकरमध्ये घालायची कल्पना सोडून द्या, इतक्या वेळात त्याचा दाटपणा मोडतो.

मीठ आता चाखा, आधी नाही. चव सपाट वाटली तर मिठाआधी एक छोटा चमचा व्हिनेगर घालून बघा, बहुधा तेवढंच कमी असतं. साय किंवा क्रीम घालायचं तर तेही आताच. मटार हवे असतील तर फ्रोझन मटार ग्रेव्हीत शेवटची दोन मिनिटं.

कापताना मांसाचे धागे कोणत्या दिशेने जातात ते बघा आणि त्यांना आडवी सुरी चालवा. काप पाऊण इंचाचे, पातळ केले तर विस्कटतात. तिकडे सोबत लोण्यात घोळलेल्या एग नूडल्स किंवा डिनर रोल्स असतात. माझं मत विचाराल तर या ग्रेव्हीला ज्वारीच्या गरम भाकरीइतकं काही जमत नाही.

उरलेलं

दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, आणि उथळ डब्यांत. कुकरचं जड भांडंच आत सरकवलं तर मधला भाग रात्रभर कोमट राहतो. तीन-चार दिवस टिकतं. दुसऱ्या दिवशी वर चरबीचा पांढरा पापुद्रा धरतो, तो सहज उचलून काढा. खाली रस जेलीसारखा गोठलेला दिसला तर तुकडा बरोबर निवडला होता असं समजा. गरम करताना गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये, वाफाळेपर्यंत, ७४ अंशांपर्यंत. स्लो कुकरमध्ये पुन्हा गरम करायचं नाही, तो तापायला फार वेळ घेतो.

आणि भांडं रिकामं झाल्या झाल्या नळाखाली धरू नका. आधी निवू द्या. गरम भांड्यावर थंड पाणी पडलं की तडा जातो, आणि नुसतं आतलं भांडं विकत मिळवणं सोपं नसतं.